जबडे छापणारीच्या नजरेतून थ्रीडी स्लायसर

आधी नावाचा घोळ मिटवते. थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांच्या बोलण्यात स्लायसर म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला हुकूम सोडणारं सॉफ्टवेअर, क्युरा किंवा प्रुसास्लायसरसारखं. माझ्या सासूबाईंच्या बोलण्यात स्लायसर म्हणजे उपासाच्या वेफर्सची किसणी. मी लिहितेय ते तिसऱ्याबद्दल: सीटी-एमआरआयच्या चकत्या एकावर एक रचून त्यातून हाड, गाठ, रक्तवाहिनी वेगळी काढून देणाऱ्या थ्रीडी स्लायसरबद्दल. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे, आणि गेली सहा वर्षं माझं घर त्याच्यावर चालतं.

मिरजेत एका डेंटल लॅबच्या मागच्या खोलीत माझे दोन प्रिंटर आहेत. शिक्षण बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं, धंदा जबडे छापायचा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागतो. तिथे टायटॅनियमची पट्टी बसवतात, कधी पायातलं फिब्युलाचं हाड कापून त्याचा नवा जबडा बांधतात. ती पट्टी त्याच माणसाच्या जबड्यावर चपखल बसेल अशी वाकवायची, तीही भूल दिलेला पेशंट समोर असताना, म्हणजे घड्याळाशी झुंज. आदल्या दिवशी हातात प्लास्टिकचा जबडा असला तर सर्जन चहा पीत पीत पट्टी वाकवून ठेवतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; तंबाखू-सुपारीचा मावा आमच्या चौकातच मळून मिळतो. काम कमी पडत नाही. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

सुरुवातीला मी एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवलं होतं. ज्या ज्येष्ठ सर्जनसाठी पहिलं मॉडेल करायचं होतं त्यांना तो मेल दाखवला. सर म्हणाले, "अगं, एवढ्यात तुझे चार प्रिंटर येतील. आणि हे दरवर्षी?" दरवर्षी नूतनीकरणाचे वेगळे. त्या रात्री स्लायसर उतरवून घेतलं.

पहिला जबडा वेगळा काढायला दोन दिवस लागले. आज चाळीस मिनिटांत होतो, त्यातली तीस मिनिटं दातांपाशी जातात. सगळं काम 'सेगमेंट एडिटर' नावाच्या भागात होतं आणि तो भाग खरोखर उत्तम आहे, कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या शेजारी ठेवा. थ्रेशोल्ड, म्हणजे किती घन ते दाखवायचं याची मर्यादा, साधारण अडीचशे एचयूच्या (सीटीतलं घनतेचं माप) वर नेला की हाड उजळून निघतं. मग 'आयलंड्स'ने मानेचे मणके आणि स्कॅनरचं टेबल झटकून टाकायचं, कात्रीने वरचा जबडा तोडायचा, 'ग्रो फ्रॉम सीड्स'मध्ये दोन रंगांचे ठिपके देऊन जबड्याच्या सांध्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीपासून सोडवायचं. पेशंटने तोंड घट्ट मिटून स्कॅन केलेला असेल तर वरचे-खालचे दात एकमेकांत रुतलेले दिसतात. म्हणून मी आता स्कॅन सेंटरला आधीच फोन करून सांगते, दातांमध्ये गॉजची गुंडाळी द्या. दाढेत चांदी भरलेली असेल तर तिथून चित्रात चांदण्यांसारखे पांढरे फराटे फुटतात आणि मग पेंट ब्रश घेऊन एकेक चकती हाताने साफ करायला बसावं लागतं. त्याला इलाज नाही.

चकती किती जाडीची आहे यावर सगळा खेळ. पाच मिलिमीटरच्या चकत्या दिल्या तर जबड्याला घाटाच्या पायऱ्या पडतात. मला एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लागतात. एका सेंटरमधून सीडी यायची तीत निवडक चित्रंच असायची, मूळ पातळ चकत्या मागितल्या की "त्या आठवड्याने उडवतो मॅडम." यात स्लायसरचा दोष नाही, पण सॉफ्टवेअरला दोन स्टार देणाऱ्यांपैकी निम्मे बहुतेक पाच मिलिमीटरवालेच असावेत.

स्लायसरला जोडण्या (एक्स्टेन्शन) लावून घेता येतात, त्याही फुकट. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयाचं टोटलसेगमेंटेटर आहे, धडाच्या सीटीवर बटण दाबलं की शंभरावर अवयव रंगवून देतं. माझ्या साध्या मशीनवर ते चालू करून मी जेवायला जाते. कॅन्सरने पोखरलेल्या जबड्यावर मात्र मी त्याच्यावर विसंबत नाही. जिथे हाड खाल्लं गेलंय नेमकं तिथेच ते चाचपडतं, आणि सर्जनला नेमकी तीच जागा बघायची असते. बोनरीकन्स्ट्रक्शनप्लॅनर नावाची जोडणी फिब्युलाचे तुकडे कुठे, किती तिरके कापायचे याचं नियोजन करते. शिकायला मला तीन महिने लागले. अशी वस्तू कुणी हौसेने बनवून सगळ्यांपुढे ठेवतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता वाईट. मॉड्यूलची यादी उघडली की रेल्वेचं वेळापत्रक उघडल्यासारखं वाटतं. सगळ्या गाड्या दिसतात, आपली कुठली ते कळत नाही. सेव्हची खिडकी तर एक वेगळंच प्रकरण आहे. एक जबडा साठवायला गेलं की आठ-दहा फाइलींसमोर टिकल्या दिसतात, कुठली ठेवायची, कुठली सोडायची? नवीन मुलगा पहिल्या आठवड्यात हमखास चुकीची फाइल ठेवतो आणि "ताई, माझं काम गेलं" म्हणत येतो. आपोआप साठवण्याची सोय नाही. आमच्याकडे लाइट जाते. या दोन वाक्यांमध्ये माझी किती संध्याकाळ गेली ते मी सांगत बसत नाही; यूपीएस घ्या. आठ जीबी रॅमवर डोक्याच्या पूर्ण सीटीत काम करताना ते न सांगता मान टाकतं, सोळा जीबीला धडपडत चालतं, बत्तीसला शांतपणे चालतं.

आणि एक सापळा, जो मला कुणी सांगितला नव्हता. अक्षांची दिशा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. स्लायसरच्या पोटात एक, बाकी बहुतेक वैद्यकीय जगात दुसरी. मॉडेलच्या फाइली जुन्या आवृत्त्या पहिल्या पद्धतीने लिहायच्या, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने लिहितात. एका पेशंटचं दुसरं ऑपरेशन होतं, म्हणून मी ४.१० आवृत्तीत केलेला त्याचा जुना जबडा नव्या आवृत्तीत उघडला, तर हनुवटी मानेकडे तोंड करून उभी! डावं-उजवं बदलत नाही, अख्खं मॉडेल स्वतःभोवती अर्धं वळलेलं असतं. नुसतं छापायचं तर फरक पडत नाही. पण जुना आणि नवा जबडा एकमेकांवर ठेवून हाड किती झिजलं ते बघायचं असेल, तर घाम फुटतो. स्लायसरच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न विचारला, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनडातून सविस्तर उत्तर आलेलं होतं. पैसे भरलेल्या कंपनीच्या हेल्पलाइनने प्रिंटरच्या बाबतीत मला असं कधी वागवलेलं नाही.

हे कॅनडा कुठून आलं? प्रत्येक मॉड्यूलच्या वर 'हेल्प अँड ॲक्नॉलेजमेंट' अशी एक मिटलेली घडी असते. दोन वर्षं मी ती उघडलीच नव्हती. एका रात्री प्रिंट चालू होता, सात तास बाकी होते, सहज उघडली. ज्याच्यावर माझं पोट चालतं ती सेगमेंटची सगळी व्यवस्था किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पर्क लॅबमध्ये घडली आणि पैसा ऑन्टारियो प्रांताच्या आरोग्य मंत्रालयाचा, कॅन्सर केअर ऑन्टारियोमार्फत आलेला. मग मी रात्रभर घड्याच उघडत बसले. बहुतेक ठिकाणी एनआयएचची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची नावं. १९९८ च्या सुमाराला बॉस्टनमधल्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाची सर्जिकल प्लॅनिंग लॅब आणि एमआयटी यांच्यात विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, २००४ पासून वैद्यकीय प्रतिमांच्या संगणनासाठी एनआयएचने उभ्या केलेल्या राष्ट्रीय केंद्राने ते वाढवलं.

त्याच्या खाली जे आयटीके नावाचं इंजिन आहे त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने एका पुरुषाच्या देहाच्या एक-एक मिलिमीटरच्या चकत्यांची चित्रं १९९४ मध्ये आणि एका स्त्रीची त्याहून तिप्पट बारीक १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. चित्रं तर आली, पण ती वाचायची कशाने? म्हणून १९९९ मध्ये त्या लायब्ररीने कंपन्या आणि विद्यापीठं मिळून सहा जणांना कंत्राटं दिली: अवजारं बनवा आणि कोड खुला ठेवा. एक सरकारी ग्रंथालय कोड लिहून घेतंय! ते काम करताना लागलं म्हणून सीमेक नावाचं एक जोडअवजार बनवलं, त्यावर आज वैद्यकाशी काडीचा संबंध नसलेली कितीतरी सॉफ्टवेअरं बांधली जातात.

या घड्या वाचल्यावर सॉफ्टवेअर वेगळंच दिसायला लागलं. कुठे अनुदान आलं आणि कुठे आलं नाही हे बोटाने दाखवता येतं. कॅन्सर, मेंदू, रेडिओथेरपी, जिथे रोगाचं नाव आहे तिथे काम राजवाड्यासारखं. सेव्हची खिडकी मात्र पोरकी. खरंच, सेव्हच्या खिडकीसाठी कुठली कॅन्सर निधी समिती पैसे मंजूर करेल? नवं संशोधन विकता येतं, डागडुजी विकता येत नाही. एनआयएचने २०२० मध्ये आधीच चालू असलेल्या प्रकल्पांना फक्त सॉफ्टवेअर धडधाकट करण्यासाठी पुरवणी रकमा जाहीर केल्या, म्हणजे हे दुखणं त्यांच्याही ध्यानात आलेलं आहे.

आणि इथून माझी फजिती सुरू होते. तीन वर्षांपूर्वी सर, मी आणि कॉलेजातले एक प्राध्यापक अशा तिघांनी एका सरकारी निधी संस्थेकडे प्रस्ताव दिला. मागणी साधी होती. आपल्याकडच्या जबड्यांसाठी पट्टीच्या नियोजनाचं मॉड्यूल, तंत्रज्ञांसाठी मराठी-हिंदी सूचना, छापलेला जबडा आणि खरा जबडा यात किती फरक पडतो याची मोजणी, आणि झालेलं सगळं काम त्याच खुल्या परवान्याखाली स्लायसरमध्ये परत घालायचं. मराठी सूचनांसाठी मी एक वही घातली होती. 'सेगमेंट'ला काय म्हणायचं? 'खंड' म्हटलं की भूगोल, 'तुकडा' म्हटलं की तुटलेलं. शेवटी सेगमेंटच ठेवलं. 'स्मूदिंग'ला 'घोटणं' मात्र मला फार आवडलं होतं.

अर्ज भरायला बसलो आणि रकाने आडवे आले. नॉन-रिकरिंग म्हणजे यंत्रसामग्री. त्यात भारी वर्कस्टेशन टाकता येतं, परदेशी सॉफ्टवेअरचा लाखोंचा परवानाही टाकता येतो, कुणी भुवई उचलत नाही. पण असलेलं खुलं सॉफ्टवेअर सुधारायचंय, तर ती ना वस्तू, ना उपभोग्य माल. एका अनुभवी प्रोग्रॅमरचा अर्धवेळ पगार दाखवायला जागाच नव्हती, ज्युनिअर फेलो दाखवा म्हणाले. फेलो दोन वर्षं शिकणार आणि शिकला की जाणार. मग पेटंटचा रकाना. मग 'व्यापारीकरणाचा आराखडा'. तिथे आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, विकणार नाही. प्राध्यापकांनी तेव्हाच मान हलवली होती.

मुलाखत बारा मिनिटांची. पहिला प्रश्न: "सॉफ्टवेअर फुकट मिळतंय ना? मग पैसे कशाला?" दुसरा: "तुम्ही खुलं केलंत तर कंपन्या उचलून नेतील." मी म्हटलं, हो, नेतील. आयटीकेही नेतातच, त्याचा परवानाच तसा आहे. सरकारी रस्त्यावरून एसटी जाते तशी खाजगी ट्रॅव्हल्सही जाते. हे मला फार समर्पक वाटलं होतं. समितीतल्या एका बाईंनी चष्मा पुसला. मग मी एनआयएचची टेप लावली, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. परदेशात असं करतात म्हणून इथे करा, हे कुणाला ऐकायला आवडतं? सहा महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: नावीन्याचा अभाव.

तेव्हा मी खूप चिडले होते. आता निम्मीच चिडते, कारण निम्मी चूक आमची होती. उदाहरणासाठी बॉस्टनला जायची गरजच नव्हती, पवईला जायचं होतं. आयआयटी मुंबईचा खुल्या सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्प कित्येक वर्षं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालतो, सर्किट आखायच्या ई-सिमसारखं (फोनमधलं नव्हे) खुलं सॉफ्टवेअर तिथे घडतं. त्यांच्याच शेजारच्या स्पोकन ट्यूटोरियलचे पाठ मराठीतूनही आहेत, माझ्या मुलाने लिनक्स त्यावरून उचललं. सरकारी खात्यांनी खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं केंद्राचं धोरणही २०१५ पासून कागदावर आहे. यातलं एक अक्षर आमच्या अर्जात नव्हतं.

दुसरी चूक मोठी. त्या घड्या मी वाचल्या होत्या पण समजल्या नव्हत्या. तिकडेही 'आम्हाला सॉफ्टवेअर करायचंय' म्हणून सहसा कुणी पैसे मागत नाही. प्रोस्टेटच्या गाठीचं माप घ्यायचंय, किरणोपचाराचा डोस रोज जुळवून घ्यायचाय, असं म्हणून मागतात. वर रोग, पोटात सॉफ्टवेअर. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे कडू गोळी गुळात." नाही सर, म्हटलं, इथे उलटं आहे, त्यांना गोळीच हवी असते, आपण नुसता गूळ घेऊन गेलो.

दुसरा प्रस्ताव आता सरांच्या नावावर आहे. आधीच वाकवलेल्या पट्टीमुळे ऑपरेशनची किती मिनिटं वाचतात आणि दात नीट जुळतात का, हा प्रश्न. सॉफ्टवेअर 'कार्यपद्धती'च्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात बसलंय. कोड खुला ठेवणार हे एका वाक्यात, पण ठाम लिहिलंय, आणि पेटंटचा रकाना या वेळी रिकामा न सोडता तिथे लिहिलंय की परवान्याचा प्रकार हाच बौद्धिक संपदेचा आराखडा. निकाल यायचाय. तोवर व्हर्नियरने जबडे मोजणं चालू आहे, अकरा झाले.

घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सॉफ्टवेअर संशोधनासाठी आहे, उपचारासाठी त्याला मान्यता नाही, असं परवान्यातच लिहिलेलं आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाची सॉफ्टवेअरंही कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. त्यामुळे कोड फुकट असला तरी त्याच्या अचूकतेची जबाबदारी फुकटात कुणी घेत नाही, आणि ती सिद्ध करण्याचा खर्च कोडपेक्षा जास्त. आम्ही पट्टी वाकवण्यापुरतं मॉडेल देतो. पातळ पापुद्र्यासारखी हाडं मॉडेलमध्ये गळू शकतात असं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतो, आणि कुठे कापायचं ते सर्जन सीटी बघूनच ठरवतात. एका तरुण डॉक्टरने डब्यावरची ती चिठ्ठी बघून मला विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे हे बरोबर नाही का?" बरोबर आहे, पण किती बरोबर आहे तेच मोजायला पैसे मागतोय.

पाचपैकी किती? सेगमेंट एडिटरला पाच. मदतीला साडेचार. सेव्हला दीड, तेही जुन्या ओळखीखातर. पेशंटचं नाव काढून टाकल्याशिवाय चित्रं कुणाला प्रश्नासोबत पाठवू नका. बत्तीस जीबी रॅम घ्या, माउसला चाक हवंच, टचपॅडवर हा उद्योग करू नका. पहिला सराव स्वतःच्या केसवर नको, सॉफ्टवेअरसोबत नमुन्याची चित्रं मिळतात त्यावर करा. शिवाय कंट्रोल-एसची सवय लावा, दर दहा मिनिटांनी. आमच्याकडे आता मुलाने भिंतीवर कुकरचा टायमर लावलाय. तो वाजला की दोघंही हातातलं सोडून सेव्ह करतो, आणि डेंटल लॅबवाले विचारतात, भात झाला का.